कंट्रोलरची परवानगी

अमेरिकेतल्या ऑल्टूना गावच्या हार्लनने घराच्या तळघरात भिंतीपासून भिंतीपर्यंत छोटी रेल्वे उभारली होती. डोंगर, बोगदे, स्टेशनं, सगळं स्वतःच्या हाताने केलेलं. दर शनिवारी दुपारी मित्र येऊन गाड्या चालवत आणि हार्लन वरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून कंट्रोलर होऊन बसे. त्याच्या परवानगीशिवाय एकही इंजिन हलवायचं नाही आणि विचारायला वर यायचं नाही, हा त्याचा कडक नियम. मंडळी या खुळाला हसत. "खेळणीच तर आहेत रे," म्हणत. ते त्याला फार लागे.

आज खेळ ऐन रंगात असताना त्याचा उजवा हात एकाएकी लुळा पडला. मान टेबलावर कलंडली. ओरडायला गेला तर जीभ हलेना. कानात मात्र तळघरातल्या माइकवरून तिथलं सगळं स्पष्ट ऐकू येत होतं.

"कंट्रोलर, माझी मालगाडी बोगद्यापाशी उभी आहे. सोडू का?" लॉइडने विचारलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं.

"वर जाऊन बघू का रे?" मर्ल म्हणाला.

"नको बाबा. मागच्या वेळी मी गेलो, तर महिनाभर गाडीला हात लावू दिला नव्हता त्यानं. बस गप."

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग कपात कॉफी ओतल्याचा.



"काही म्हण लॉइड, आज पहिल्यांदा अगदी खऱ्या रेल्वेसारखं वाटतंय."