बाबांच्या मनगटावरचं घड्याळ

बाबांनी प्राण सोडला तेव्हा खोलीत ती आणि दादा, दोघंच होते. दादाला घड्याळं जमवायचा भारी नाद. अस्सलही आणि नकलीही. नर्स बाहेर जाताच त्याने बाबांच्या मनगटावरचं घड्याळ काढलं आणि खिशातलं भिंग डोळ्याला लावलं.

"अरे, त्यांचा हात अजून गार पडला नाहीये!" तिला शिसारी आली.

"अस्सल असलं तर कुणीतरी लांबवेल." त्याने घड्याळ उलटसुलट करून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "हॅट्, नकली! अशी ढीगभर पडलीत माझ्याकडे."

त्याने ते पुन्हा बाबांच्या मनगटावर चढवलं. तेवढ्यात मामी आत आली, तसा तो बाबांच्या छातीवर कोसळला आणि त्याने हंबरडा फोडला.

"भाऊ बघ कसा कोलमडलाय," मामी तिला म्हणाली, "आणि तुझ्या डोळ्यांत टिपूस नाही!"