आडवी खूण

बाबा दिवसभरात तेच तेच काय विचारतात, ते डॉक्टरांनी मोजायला सांगितलं होतं. ‘जेवलो का मी?’ दोनदा. ‘चष्मा कुठंय?’ तीनदा. ‘तुझी आई कुठे गेली?’ नऊ वेळा. आईला जाऊन चार वर्षं झाली.

बाबांनी कागद ओढून घेतला. बत्तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलेला माणूस!

“सगळ्या खुणा उभ्याच? दर पाचवी आडवी मारायची असते, ढ कुठली!”

“चुकलं, सर.”

“बहुलक म्हणजे काय?”

“जे सगळ्यात जास्त वेळा येतं ते.”

“यात दाखव.”

मी आईच्या ओळीवर बोट ठेवलं.

“शाब्बास!” बाबांचा चेहरा खुलला. “तुझ्या आईला सांगू या. कुठे गेली गं ती?”

मी दहावी खूण आडवी मारली.