सिडनीचा चंद्र

नागपूरहून नवं अतिवेगवान विमान सुटलं तेव्हा लख्ख ऊन होतं. अर्ध्या तासात ते सिडनीला उतरलं. शैलजाताई धापा टाकत मिहीरच्या गच्चीवर पोचल्या, तर समोर चंद्र!

लेक परदेशी गेल्यापासून त्या त्याच्यासाठी संकष्टी धरत. "आई, इथे चंद्र उगवला, जेव आता," असं तो फोनवर विनवायचा. पण त्या नागपूरच्या चंद्राची वाट बघत उपाशी राहायच्या. आज त्यांनी इथेच अर्घ्य दिलं आणि मिहीरने उकडलेला फुटका मोदक त्याच्याच हातून खाल्ला.

"आज राहा ना, आई."

"छे रे! डबा भर पटकन. तुझ्या बाबांचा चंद्र अजून उगवायचाय. लेकाच्या हातचा मोदक आज तेही गरम खातील!"