गुण-दोष कळव

तासगावच्या जुन्या मित्राचं, धन्यकुमारचं पत्र गंगाधररावांच्या टेबलावर दोन महिने पडून होतं. 'आमची लेक, ब्राह्मी, जैन साध्वीची दीक्षा घेतेय. केशलोचाच्या वेळी आवाज नको, म्हणून छोटा मिररलेस कॅमेरा घेतोय. तू वाचणारा माणूस, त्याचे गुण-दोष कळव.'

गंगाधररावांनी साताऱ्याच्या वाचनालयात बसून सगळं वाचून काढलं. कॅमेरा हलका, बिनआवाजाचा, थरथरत्या हातालाही सांभाळून घेणारा. बॅटरी मात्र लवकर संपते, जोडीला दुसरी हवीच. एवढंच लिहायचं होतं. पण आपण कोण सांगणारे, चुकलं तर काय, या घोळात दीक्षेचा दिवस उलटून गेला.

मग एके दिवशी धन्यकुमार स्वतःच साताऱ्याला आला.

"मिरवणुकीतच बॅटरी संपत आली, गड्या. लेकीचे केस उपटायला घेतले आन् कॅमेरा बंद."

गंगाधररावांना मान वर करवेना.

"खरं सांगू? मला ते बघवणार न्हवतं. कॅमेऱ्याआड तोंड लपवायचं, म्हणून तर घेतला त्यो. बंद पडला म्हणून खाली केला, तर ती माझ्याकडंच बघत हुती. आता ती कुणाची लेक न्हाई. बाप म्हणून शेवटचं बघितलं, ते माझ्याकडं." मग त्यानं विचारलं, "बॅटरी लवकर संपती, हे तुला म्हाईत हुतं का रं?"

"नाही," गंगाधरराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पत्राचं उत्तर पोस्टात टाकलं. त्यात दोनच शब्द होते. 'माहीत होतं.'