मिटणारी म्हैस

"बाबा, ताई येऊन जाईपर्यंत तोंडाला कुलूप. एकही थाप नको," सुनेनं बजावलं. आजोबांनी ओठांना हवेतलं कुलूप लावलं, किल्ली गिळली आणि वर ढेकर दिला.

सून काही हसली नाही. परदेशातून राहायला आलेल्यांच्या घरी जायचं, पोरं नीट वाढताहेत ना, बोलताहेत ना ते बघायचं, हे ताईंचं काम. गेल्या खेपेला जाता जाता त्या हळूच म्हणाल्या होत्या, की सुनेची लेक भिंगरी पुढच्या वेळीही गप्प राहिली, तर तिला मोठ्या डॉक्टरांना दाखवावं लागेल.

ताई बाई मोठ्या गोड. इथल्याच देशातल्या, पण मुद्दाम वर्गाला जाऊन मराठी शिकलेल्या. शब्द सगळे जागेवर, फक्त 'माझा' आणि 'माझी' यांची सारखी अदलाबदल व्हायची. घरी पोरगी दिवसभर डोकं खाते, असं सुनेनं सांगितलं, तेव्हा ताईंनी दचकून विचारलं होतं, "कोणाचं?"

आज ताईंनी सतरंजीवर बसून चित्रं मांडली. मांजर दाखवून विचारलं, हे काय आहे? भिंगरीनं मांजराकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं आणि पायाचा अंगठा चोखायचा प्रयत्न केला. बसचं चित्र झालं, कपाचं झालं. पोरीच्या तोंडात जणू मुगाची पोती. सून दारात पदराचं टोक पिळत उभी. तासाभरापूर्वी हीच कार्टी, चमच्याला नाक का नसतं म्हणून तिचा जीव खात होती. हे सांगून आता कोण विश्वास ठेवणार?

ताईंनी छत्रीचं चित्र उचललं. "हे काय आहे, बाळ?"

भिंगरी सतरंजीचा दोरा ओढू लागली. ताईंच्या चेहऱ्यावर ते डॉक्टरचं वाक्य तयार होताना सुनेला दिसलं.

आणि आजोबांच्या पोटातल्या किल्लीनं दगा दिला.

"ही होय? ही आमची गावाकडची म्हैस," आजोबा अगदी साध्या आवाजात म्हणाले. "फार गुणी. पावसाळ्यात उघडायची, बादलीभर दूध द्यायची. उन्हाळा आला की मिटून कोपऱ्यात उभी."

सुनेनं डोळे मिटले. झालं. आता वेडी नात आणि तिचा वेडा आजा.

"खोटं!" भिंगरी ताडकन उठली. "छत्री आहे ती. म्हशीला शिंगं असतात. शेपूट असतं. आणि म्हैस मिटत नाही, आजोबा!"

"आमची मिटायची."

"मग ती शेण कुठून टाकायची?"

भिंगरीनं मग बाकीच्या चित्रांकडे मोर्चा वळवला. हे मांजर आहे, ही बस आहे, तिला चाकं असतात आणि तीसुद्धा मिटत नाही, हे आजोबांना नीट समजावून सांगितलं. थांबायचं नाव नाही.

ताईंनी जरा वेळानं विचारलं, "मग मी विचारलं, तेव्हा का नाही सांगितलं?"

भिंगरीला प्रश्नच कळेना. "तुला माहीत होतं ना?"

ताईंनी चित्रं गोळा केली आणि पिशवीत घातली. डॉक्टरचं नाव काढलं नाही. जाताना आजोबांना एवढंच विचारलं, की म्हशीचं पुढं काय झालं. एका वाऱ्यात उलटी झाली बिचारी, आजोबा म्हणाले.

पुढच्या खेपेला ताई आल्या त्या पिशवीशिवाय. दारातच थांबल्या. चेहरा गंभीर, ओठ पुटपुटत होते. वाटेत घोकून आलेल्या असणार.

"मला उशीर झाला," त्या म्हणाल्या. "माझा सायकल रस्त्यात अंडं देऊन बसली."

भिंगरीनं कमरेवर हात ठेवले.

"माझी सायकल," तिनं आधी ते सुधारलं. "आणि सायकल अंडं देत नाही."

"माझी देते," ताई म्हणाल्या.

आजोबांनी मान डोलावली, वस्ताद नव्या पठ्ठ्याकडे बघून डोलावतो तशी. भिंगरी बाहेर सायकल तपासायला निघाली, ताई तिच्या मागून.

आणि सून? जन्मात कधी थाप न मारलेली ती बाई गॅसवर तवा ठेवत आतूनच म्हणाली, "येताना ते अंडं घेऊन या, ताई. आम्लेट करते."