पुढचं बाक

आमच्या छोट्या बोटीत मी मागे इंजिनापाशी बसायचो आणि बायको पुढच्या बाकावर गळ धरून. ती गेल्यानंतर यंदा पहिल्यांदाच बोट दुरुस्त करून पाण्यात घातली.

मिस्त्री म्हणाला, "काका, आता तुम्ही एकटेच. पुढे वजन नसलं तर बोट नाक वर करेल, वाऱ्यात उलटेल. काकूंच्या जागी पाण्याचे कॅन भरून ठेवा."

"तिची जागा कॅनला दिली तर मला घरात घेणार नाही ती," म्हणालो आणि तसाच निघालो.

जरा पुढे जातोय तोच धक्क्यावरून तो ओरडला, "काका, ही तर एकदम सरळ चाललीय! पुढे ठेवलंत तरी काय?"

बाक रिकामंच होतं.



मी इंजिन हळू केलं. वेगात पुढे बसणाऱ्याच्या तोंडावर पाणी उडतं.