मागच्या सीटचं काम

“खाली बघायचं नाही,” विमान डावीकडे कलतं करत एफिमने पुन्हा बजावलं. “खालचं मी बघतो. तू उजवीकडे, वर आणि मागे. दुसरं विमान दिसलं की सांगायचं. एवढंच काम.”

“एकदा सांगितलंस ना? मी बहिरी नाही,” मागच्या सीटवरून पारस्केवा म्हणाली. “तुझ्या बायकोला जमतं ते मला जमेल. तिला तर मासा आणि शेवाळ यांतला फरकही कळत नाही.”

“म्हणूनच ती इथे चांगली बसते, आई.”

पारस्केवाने धुरावलेल्या सामन माशाची पट्टी या गालातून त्या गालात सरकवली. एरवी मागे सूनच बसायची. यंदा तिचं पोट सीटच्या पट्ट्यात मावेना, म्हणून सासू बसली होती.

विमान दोन माणसांचं, एकापाठोपाठ एक बसायचं. चाकांच्या जागी दोन लांब पोकळ होडगी. डबक्यावर चतुर फिरावेत तशी खाडीवर अशी कितीतरी विमानं वरून मासा शोधत फिरत होती, सगळी डाव्या अंगाने गोल. तेवढं ठरलेलं होतं. बाकी कोणी कोणाशी बोलत नव्हतं. रेडिओवर प्रत्येक घराची बोलायची वाट वेगळी आणि चोरटी. आपला मासा कुठे आहे हे दुसऱ्याला कळता कामा नये. मग आपण कुठे आहोत हेही दुसऱ्याला कळत नसे.

खाली थोरल्या मुलाची, निकीफोरची बोट जाळं तयार ठेवून उभी होती. सरकारी माणूस रेडिओवर ‘सुरू’ म्हणाला की हेरिंग मासा धरायची मुभा, आणि ती मुभा ओतलेला चहा निवायच्या आत संपायची. जाळं एकदाच पडणार. रिकामं आलं की वर्ष गेलं.

“निकी, कड्याखाली काळं दिसतंय,” एफिम रेडिओवर म्हणाला. “थवा मोठा आहे. तिकडे सरक.”

पारस्केवा आकाशाकडे बघत होती. बघत होतीच. पण कान बंद करायला कोणी सांगितलं नव्हतं. कड्याखाली? तिथलं शेवाळ तिच्या सासऱ्याच्या आधीपासूनचं. आता या शहाण्याच्या शब्दावर थोरला शेवाळात जाळं घालणार.

तिने डाव्या काचेला कपाळ टेकलं आणि खाली बघितलं.

“शेवाळ आहे ते. डोळे आहेत की बटणं? खडकाच्या अलीकडे बघ. पाणी जांभळट झालंय ना, तो मासा. शेवाळ जागच्या जागी डुलतं. मासा चालतो.”

“आई, तुला मी काय सांगितलं...”

“मला नंतर शिकव. आधी भावाला सांग.”

एफिमने सांगितलं. बोट वळली. पारस्केवाने पाण्यावरून नजर हटवली नाही. जांभळा डाग लांबत होता, आखडत होता. असा थवा तिने वरून कधी पाहिला नव्हता.

“बघ कसा पसरलाय,” ती म्हणाली. “आणि म्हणे शेवाळ.”

“मी शेवाळ कुठे म्हणालो? तूच म्हणालीस.”

इंजिनाच्या आवाजात दुसरा आवाज मिसळला, तशी तिने मान वळवली.

उजवी काच पिवळ्या विमानाने भरली होती. पत्र्यावरचे खिळे दिसावेत इतकं जवळ. त्याच्या काचांना दोन डोकी चिकटलेली होती. पुढे चालवणारा, मागे पलीकडच्या गावची बोर्गिल्ड, रुमाल बांधलेली. दोघांच्या नजरा खाली, पाण्यावर. बोर्गिल्ड बोटाने काहीतरी दाखवत होती. तिचं तोंड चालू होतं.

ते विमान यांच्या शेपटीखालून निघून गेलं. मागोमाग यांचं विमान खड्ड्यात गेल्यासारखं आदळलं.

“कड्यावरून वारा उतरला वाटतं,” एफिम म्हणाला. “वर मोकळं आहे ना?”

पारस्केवाच्या गालातली पट्टी तशीच राहिली होती.

“आई?”

“चढ,” ती म्हणाली. “पिवळं आहे. मागे, आपल्याखाली.”

“कधी आलं?”

“चढ म्हटलं ना.”

तो चढला. वरून पाण्याचा रंग फिका झाला. सरकारी माणसाने उलटी मोजणी सुरू केली आणि खालच्या सगळ्या बोटी एकदम धूर सोडू लागल्या.

“एफिम, नक्की बोल,” निकीफोरचा आवाज आला. “इथे टाकू की पुढे? मला इथून नुसतं पाणी दिसतंय.”

एफिम खाली बघत राहिला. जांभळा डाग फुटून दोन झाले होते. एकावर ढगाची सावली होती, नाहीतर दोन्ही सावल्याच होत्या.

“आई, यातला मासा कुठला? लवकर सांग.”

पारस्केवाने दोन्ही हातांनी सीटची कड धरली होती. पिवळं विमान वळसा घेऊन परत येत होतं. त्याच्या मागे एक लाल होतं, आणि लालच्या वर अजून एक.

“आई, निकी थांबलाय.”

“तूच ठरव,” ती आकाशाकडे बघत म्हणाली. “मला खालचं काही दिसत नाही.”